नऊ धावांचे अंतर : महाराष्ट्राचा १९४८-४९ चा रणजी मोसम

१/
१८ डिसेंबर १९४८. पुणे क्लबचे मैदान, उपाहाराची वेळ. धावफलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा आणि त्यांत एकट्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता, नाबाद ४५२. अंतर अवघे नऊ धावांचे राहिले होते. उपाहारानंतर खेळ पुन्हा सुरू झालाच नाही.

२/
ही हकिकत आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते, ती एका फलंदाजाच्या दुर्दैवाची कथा म्हणून. मात्र तिच्या मागेपुढे महाराष्ट्र संघाचा एक संपूर्ण मोसम आहे. त्या मोसमात धावांना तोटा नव्हता. दोन सामन्यांत दोन असे विक्रम झाले, की त्यांतील एक भारतापुरता आणि दुसरा साऱ्या जगापुरता आजही अबाधित आहे. तरीही त्या धावांचे मोल काय ठरावे, हे दर वेळी मैदानाबाहेरच ठरत गेले. या धाग्यात त्या मोसमाचा आढावा.

३/
प्रथम संघाविषयी. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि 'महाराष्ट्र' या नावाचा संघ तेव्हापासून तीत खेळतो. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले १ मे १९६० रोजी. म्हणजे राज्याच्या नकाशावर येण्याच्या पंचवीस वर्षे आधी हे नाव धावफलकावर लागले होते. मुंबई शहराचा संघ वेगळा. त्यामुळे मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन नावे क्रिकेटमध्ये एकमेकांसमोर उभी राहत आली.

४/
या संघाचे केंद्र पुणे. शहरातील जिमखाने, महाविद्यालये आणि पुणे क्लबचे मैदान हा त्याचा प्राण होता. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील लासुर्णे, बारामती, इंदापूर या भागात खेळ म्हणजे यात्रेतील कुस्तीचा फड आणि हुतूतू. जिल्हा एक असला तरी क्रिकेटचे जग दूरचे होते. बारामतीत रणजीचा पहिला सामना होण्यास फेब्रुवारी २०२० उजाडावे लागले. पुण्याखेरीज या संघाला खेळाडू पुरवणारे मोठे गाव कोल्हापूर होते.

५/
संघाला घडवले ते प्रा. दि. ब. देवधर यांनी. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा प्राध्यापक महाराष्ट्राचा कर्णधार होता. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४० मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. त्या दोन विजयांनंतर महाराष्ट्राला हा करंडक पुन्हा जिंकता आलेला नाही.

६/
पुण्याच्या खेळपट्टीवर धावांचा पाऊस ही काही १९४८ ची नवलाई नव्हती. १९३९-४० मध्ये विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध येथेच नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. त्याच्या पुढच्या मोसमात महाराष्ट्राने ६७५ केल्या, मुंबईने उत्तरादाखल ६५० केल्या, आणि पंचवीस धावांच्या आघाडीवर सामन्याचा निकाल लागला.

७/
येथे स्पर्धेची रीत समजून घेणे आवश्यक आहे. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरत असे. म्हणून पहिला डाव शक्य तितका लांबवणे हेच शहाणपण. प्रतिस्पर्ध्याने २३८ केल्या म्हणून आपण ४०० वर थांबावे, असा विचार कोणी करीत नसे. बाद फेरीच्या पुढल्या टप्प्यांत तर सामने निकाल लागेपर्यंत चालत. १९४४-४५ च्या मुंबई-होळकर अंतिम सामन्यात अशाच प्रकारे २०७८ धावा झाल्या होत्या.

८/
आता डिसेंबर १९४८ कडे. पुण्यात प्रतिस्पर्धी होता काठियावाडचा संघ, कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर कमल भांडारकर यांच्या जोडीला निंबाळकर आले. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूर, १२ डिसेंबर १९१९. चारच दिवसांपूर्वी त्यांनी एकोणतिसावे वर्ष पूर्ण केले होते.

९/
या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता आणि १९७४ पर्यंत टिकला. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळत राहिले. विजय मर्चंट यांची नाबाद ३५९ ही भारतातील सर्वोच्च खेळी मागे पडली. मर्चंट यांनी ती १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राच्याच गोलंदाजीवर उभारली होती. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या बिल पॉन्सफर्ड यांची ४३७ ही धावसंख्याही ओलांडली गेली. पुढे आता एकच नाव उरले होते.

१०/
४९४ मिनिटे, ४९ चौकार, १ षटकार. म्हणजे सव्वाआठ तास. ४४३ पैकी जवळजवळ दोनशे धावा चौकारांच्या, बाकीच्या बव्हंशी पळून काढलेल्या. सव्वाआठ तासांच्या खेळीत मिनिटाला सरासरी ०.९ धावा पडत होत्या. रेंगाळत, वेळ काढत केलेली ही खेळी नव्हती. त्या गतीने उरलेल्या नऊ धावांना फार तर दहा-बारा मिनिटे लागली असती.

११/
ती मिनिटे मिळाली नाहीत. उपाहाराच्या वेळी ठाकोरसाहेबांनी महाराष्ट्राला डाव घोषित करण्यास सांगितले, अन्यथा आपला संघ सामना सोडील अशी भूमिका घेतली. कर्णधार गोखले यांनी विक्रमासाठी दोन षटके पुरेत अशी विनवणी केल्याचे सांगितले जाते. ती मान्य झाली नाही. काठियावाडने सामन्यावर पाणी सोडले आणि महाराष्ट्र विजयी ठरला. विजय मिळाला, पण विक्रम हुकला, आणि हुकला तो पराभूत संघाच्या निर्णयाने.

१२/
ठाकोरसाहेबांना खलनायक ठरवून ही कथा संपवणे सोपे आहे. त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. ५८८ धावांनी मागे पडलेल्या संघाच्या दृष्टीने सामना केव्हाच संपला होता. पुढे खेळायचे ते केवळ दुसऱ्याच्या विक्रमात आपले नाव कायमचे कोरून घेण्यासाठी. क्रिकेटच्या नियमांत सामना सोडून देण्याचा मार्ग उपलब्ध होता, आणि त्यांनी तो पत्करला. नियमाला धरून झालेली गोष्ट खिलाडू वृत्तीला धरून होतेच असे नाही, हा या प्रसंगाचा खरा पेच.

१३/
काळाची चौकटही लक्षात घ्यावी. फेब्रुवारी १९४८ मध्ये काठियावाडातील दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने विलीन होऊन सौराष्ट्र हा नवा घटक निर्माण झाला होता. राजकोटचे संस्थान त्यात गेले. 'काठियावाड' हे नावही पुढे संघाच्या पाटीवरून उतरले आणि तिथे 'सौराष्ट्र' आले. सत्ता गेलेली, पदवी उरलेली, अशा संधिकाळात एक संस्थानिक पुण्याच्या मैदानावर आपल्या संघाची लाज राखू पाहत होता. त्या एका निर्णयाचा सारा उलगडा यातून होतो असे नाही, पण त्याची पार्श्वभूमी हीच होती.

१४/
त्याच आठवड्यांत देशात दुसरा मोठा क्रिकेटप्रसंग चालू होता. वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली. निंबाळकरांची खेळी १६ ते १८ डिसेंबरची. तिसरी कसोटी ३१ डिसेंबरला कलकत्त्यात सुरू झाली. दोन कसोटींच्या मधोमध एका भारतीय फलंदाजाने ४४३ धावा केल्या, आणि कलकत्त्याच्या संघात त्याचे नाव नव्हते. पुढच्या दोन कसोटींतही नव्हते.

१५/
याची दोन कारणे संभवतात. एक, मधली फळी भरलेली होती. रुसी मोदी यांनी त्या मालिकेत ५६० आणि हजारे यांनी ५४३ धावा केल्या, त्यांना हलवणे अशक्य. दुसरे अधिक बोचणारे. पुण्याची खेळपट्टी फलंदाजांची मावशी आणि काठियावाडची गोलंदाजी साधारण, म्हणून येथील धावा नाण्याप्रमाणे वाजवून घ्याव्यात, असा विचार. हा विचार सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. पण मग देशांतर्गत स्पर्धेत फलंदाजाने स्वतःला सिद्ध करावे तरी किती धावांनी, या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही.

१६/
महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका फलंदाजाला मात्र त्याच मालिकेत संधी मिळाली. पनवेलला जन्मलेले मधुसूदन रेगे जानेवारी १९४९ च्या मद्रास कसोटीत खेळले. धावा १५ आणि ०. भारत एक डाव आणि १९३ धावांनी हरला. रेगे यांची ती पहिली आणि शेवटची कसोटी. त्याच सामन्यात दत्तू फडकर यांनी १५९ धावांत ७ बळी घेतले. फडकरही जन्माने कोल्हापूरचेच, पण खेळत मुंबईकडून.

१७/
मालिकेतील शेवटची कसोटी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. ८ फेब्रुवारी १९४९ रोजी भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ काढल्या. अखेरच्या षटकात फडकर खेळपट्टीवर होते, धावसंख्या ८ बाद ३५५. आणि घड्याळात सुमारे दीड मिनिट शिल्लक असतानाच पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर केले. भारत सहा धावांनी आपल्या पहिल्या कसोटी विजयाला मुकला. डिसेंबरात पुण्यात नऊ धावा, फेब्रुवारीत मुंबईत सहा. एकाच मोसमात दोनदा, खेळणारे तयार असताना खेळ थांबला.

१८/
त्यानंतर महिनाभरात महाराष्ट्राच्या मोसमाचा दुसरा अंक. ५ मार्च १९४९ पासून पुण्यात उपान्त्य सामना, प्रतिस्पर्धी मुंबई. चारच दिवसांपूर्वी, १ मार्चला, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा उभारल्या : माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३, फडकर १३१. उत्तरादाखल महाराष्ट्राच्या ४०७ : दातार १४३, रेगे १३३. मद्रासला शून्यावर बाद झालेले तेच रेगे.

१९/
पहिल्या डावात २४४ धावांची आघाडी असताना मुंबईने दुसरा डाव ८ बाद ७१४ वर नेऊन घोषित केला. पुन्हा उदय मर्चंट १५६, पुन्हा फडकर १६०. महाराष्ट्रापुढे विजयासाठी आव्हान उरले ९५९ धावांचे. हा आकडा पाहून कोणत्याही संघाने हात टेकले असते. डिसेंबरात काठियावाडसमोर जो प्रश्न होता, तोच मार्चमध्ये महाराष्ट्रासमोर आला. हरलेला सामना खेळावा की सोडून द्यावा?

२०/
महाराष्ट्र खेळला. दुसऱ्या डावात ६०४ धावा केल्या. प्रा. देवधरांचे पुत्र शरद देवधर यांच्या १४६, रेगे यांच्या पुन्हा १००. सामना सात दिवस चालला, ११ मार्चला संपला. मुंबई ३५४ धावांनी जिंकली, अंतिम फेरीत गेली आणि बडोद्याला हरवून करंडक घेऊन गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला आला तो एक भव्य पराभव.

२१/
त्या सामन्यातील एकूण धावा : ६५१ + ४०७ + ७१४ + ६०४ = २३७६. बळी ३८, शतके ९. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील हा आजही जगातील सर्वाधिक धावांचा विक्रम आहे. हा विक्रम दोन संघांचा मिळून असल्याने त्यात महाराष्ट्राच्या १०११ धावांचा वाटा आहे. चौथ्या डावात महाराष्ट्राने सामना सोडला असता तर एकूण संख्या १७७२ वर थांबली असती आणि विक्रमाच्या यादीत पुण्याचे नाव कधीच आले नसते.

२२/
येथे मोसमाची दोन टोके एकत्र येतात. एका संघाने पराभव दिसताच मैदान सोडले, म्हणून एक विक्रम अपुरा राहिला. दुसऱ्याने पराभव दिसत असूनही सात दिवस मैदान धरले, म्हणून दुसरा विक्रम पूर्ण झाला. विक्रम हा एकट्याच्या कर्तृत्वाचा दाखला आहे असे आपण मानतो. वस्तुतः समोरच्याने शेवटपर्यंत उभे राहण्याची तयारी दाखवल्याखेरीज कोणताही विक्रम पुरा होत नाही.

२३/
निंबाळकरांचे पुढे काय झाले? १९४९-५० मध्ये कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी सामना त्यांना मिळाला. अधिकृत कसोटी एकही नाही. महाराष्ट्राखेरीज बडोदा, होळकर, रेल्वे अशा संघांकडून ते खेळले. प्रथम श्रेणीचे ८० सामने, ४८४१ धावा, १२ शतके, सरासरी ४७.९३. शिवाय मध्यमगती गोलंदाजीवर ५८ बळी. एका खेळीवर जगलेल्या फलंदाजाचे हे आकडे नव्हेत. पुण्याच्या खेळपट्टीविषयी कोणाला शंका असेलच, तर इतक्या वर्षांची ही सरासरी तिचे उत्तर देते.

२४/
विक्रम पुढे सरकत गेला. जानेवारी १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद यांनी कराचीत ४९९ धावा केल्या आणि पाचशेवी धाव घेताना ते धावबाद झाले. १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ काढल्या. म्हणजे निंबाळकरांना ती दहा-बारा मिनिटे मिळाली असती, तरी त्यांचा विक्रम दहा वर्षांनी मोडलाच असता. आजही प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ही चौथ्या क्रमांकाची खेळी आहे. भारतीय फलंदाजाची सर्वोच्च आहे. आणि एकही कसोटी न खेळलेल्या खेळाडूची जगातील सर्वोच्च आहे. तिसरा बहुमान कोणीही आपणहून मागितला नसता.

२५/
२००२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. कसोटीची टोपी देण्यास चौपन्न वर्षांचा उशीर झाला होता. गौरव करण्यास तेवढाच अवधी लागला.

२६/
जुन्या धावपुस्तिकांत या खेळीची नोंद '४४३' आणि त्यापुढे एक छोटे चांदणीचे चिन्ह अशी असते. चिन्हाचा अर्थ इतकाच, की फलंदाज बाद झाला नाही. डाव घोषित झाला, गडी संपले, की सामनाच सोडून दिला गेला, हे ते चिन्ह सांगत नाही. महाराष्ट्राच्या त्या मोसमाचा इतिहास वाचायचा तर आकड्यांबरोबर या चांदणीमागचे निर्णयही वाचावे लागतात : एका कर्णधाराचा, एका निवड समितीचा, एका पंचाचा आणि मार्चमधील त्या अकरा जणांचा, जे ९५९ धावांच्या पाठलागाला निघाले आणि ६०४ पर्यंत पोहोचले.

(समाप्त)